घरच्या शाळेचे देणगीदार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या वर्षीं, गृहशिक्षण मंडळाच्या देणगीदारांच्या आभारसभेंत केलेलें भाषण)



आमच्या घरच्या शाळेस ज्यांनीं हातभार लावला, त्यांचे आभार मानण्याकरितां ही सभा आम्हीं बोलाविली आहे. ती कशी भरवावी याविषयीं मात्र आमचें आपसांत एकमत होण्यास बरेच दिवस लागले. तो वाद कशाचा होता व कसा मिटला, हें आपणांपुढें मांडलें म्हणजेच आपले आभार नीट मानले जातील, असें आम्हांस वाटतें.

आमचें मंडळ म्हणजे कांहीं घरें व त्यांच्या ओसऱ्या. कोणाचे वडील मँगॅनीजच्या खाणीवर ठेकेदाराकडे, आज डोंगरीस तर उद्यां चिखल्यास. कोणी मूल दुखण्यानें अंथरुणास खिळलेलें. कोणी मुलगी आठवीनंतर घरीं बसलेली. आणि दोन-तीन घरांनीं आपलीं मुलें विचारपूर्वक घरींच शिकवावयाचीं असें ठरविलेलें. जिला गणित येतें तिनें गणित सांगावें, जिला इंग्रजी येतें तिनें इंग्रजी, असा आमचा क्रम. रोवणीच्या दिवसांत बांधींत हात कमी पडतात, म्हणून तेव्हां वर्ग रात्रीं भरतात, आणि मुलें वहीवर डोकें ठेवून झोंपीं जातात.

आमची शाळा कोणत्याही दप्तरीं शाळा म्हणून नोंदलेली नाहीं. त्यामुळें शासनाचें अनुदान आमच्याकडे येत नाहीं. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस दिलेला हक्क मोलाचा आहे, आणि जें मूल शाळेंत जाऊं शकतें त्यास आम्ही प्रथम शाळेचीच वाट दाखवितों. राहिलेल्यांकरितां राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या परीक्षा आहेत. त्यांच्या खालच्या पायऱ्या तिसरी, पांचवी व आठवी यांच्या तोडीच्या धरल्या जातात. ज्यानें शाळा मध्येंच सोडली, त्यास राज्यमंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीस बाहेरून बसतां येतें. मार्ग आहेत, परंतु प्रत्येक मार्गावर परीक्षेची फी आहे, पुस्तकें आहेत, आणि भंडाऱ्यास वा तुमसरास जाण्यायेण्याचें एस. टी. चें भाडें आहे. आपली देणगी या तीन ठिकाणीं गेली.

आतां वादाविषयीं. आमच्यांतील कांहीं जणींचें म्हणणें असें, कीं मांडव घालावा, शाल व श्रीफळ द्यावें, मोठी रक्कम देणाऱ्यांस पुढच्या खुर्च्या द्याव्या व नांवें रकमांसह वाचून दाखवावीं. त्यांचा हेतु वाईट नव्हता. ज्याचा मान राखला तो पुढल्या वर्षीं पुन्हा देतो, हा व्यवहार त्या जाणत होत्या, आणि व्यवहार जाणणारें माणूस नसेल तर असलीं मंडळें फार दिवस टिकत नाहींत. दुसऱ्या बाजूनें हिशेब करून पाहिला, तों शाली व नारळ यांतच दोन मुलांची फी जाते असें दिसून आलें. तथापि खरी अडचण पैशाची नव्हती. एका बाईंनीं, पुंजणे चुरून झाल्यावर मजुरी म्हणून मिळालेल्या धानांतून, परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या डब्याकरितां दोन पायल्या तांदूळ आणून दिले होते. त्यांचें नांव यादींत कोठें घालावें? पैशांत मांडलें तर अगदीं तळाशीं येतें. वगळलें तर यादीच खोटी ठरते.

तेव्हां आमच्यांतील एकीनें शुभवर्तमानांतील विधवेची गोष्ट काढली. मंदिराच्या दानपेटींत दोन लहान नाणीं टाकणाऱ्या त्या बाईची प्रशंसा प्रभूनें केली, ती शिष्यांना जवळ बोलावून केली. तिला कोणी चारचौघांत उभें केलें, असें तेथें लिहिलेलें नाहीं. आपली कोणी वाखाणणी केली, हें तिला कधीं कळलें कीं नाहीं, तेंही तेथें सांगितलेलें नाहीं. ही गोष्ट आम्हीं लहानपणापासून ऐकली होती, पण तिच्यांतील हा भाग त्या रात्रीं प्रथमच आमच्या ध्यानीं आला. त्यानंतर वाद फारसा चालला नाहीं.

म्हणून आज नांवें अकारविल्हे वाचलीं जातील, रकमेवांचून. उलट हिशेब मात्र पैन्‌पैचा दाराशीं लावला आहे. तो सर्वांनीं पाहावा व शंका असल्यास आजच विचारावी. आणि मुलांकडून आभाराचें गाणें आम्हीं बसविलेलें नाहीं. दात्यापुढें मूल उभें करून त्याच्या तोंडून उपकाराचे शब्द वदवावे, हें आम्हांस रुचत नाहीं. आभार मानणें हें आम्हां मोठ्यांचें काम आहे. मुलें आपल्या वह्या दाखवितील, एवढेंच.

हिशेबावर आम्ही इतका भर कां देतों? घरीं शिकलेल्या एका थोर बाईंचें उदाहरण आम्हांपुढें आहे. पंडिता रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण त्यांचें नांव येथें घेण्यास संकोच वाटूं नये. शाळेचें तोंड न पाहतां गंगामूळच्या रानांत व पुढें तीर्थयात्रेच्या वाटेवर आईनें त्यांना संस्कृत शिकविलें. आणि त्या आईस तिच्या पतीनें, अनंतशास्त्री डोंगरे यांनीं, लोकनिंदा सोसून घरींच शिकविलें होतें. पुढें १८८७ सालीं बोस्टन येथें रमाबाईंच्या कार्यास दहा वर्षें साहाय्य करण्याकरितां एक संस्था निघाली, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. दहा वर्षांची मुदत संपल्यावर १८९८ सालीं त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि देणगीदारांपुढें झालेलें काम मांडलें.

त्या सदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. १८९३ सालीं तिचा अण्णासाहेब कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला. रमाबाई व अण्णासाहेब यांचे जन्म एप्रिल १८५८ मधले, अवघ्या पांच दिवसांच्या अंतरानें. १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, ज्या खेड्यांत शाळा नाहीं तेथें ती काढण्याकरितां अण्णासाहेबांनीं मंडळ स्थापिलें. बोस्टनच्या ज्या बायांनीं वर्षाची वर्गणी भरली, त्यांना गोदूबाईंचें नांवही ठाऊक नसेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. आमचें मंडळ नोंदलेलें नाहीं, म्हणून प्राप्तिकरांत सूट मिळण्याजोगी पावती आम्हांस देतां येत नाहीं. आमची पावती साधी आहे. परदेशीं जाऊन तेथील नागरिक झालेल्या एका आप्तांनीं मोठी रक्कम देऊं केली होती. २०१० च्या कायद्यान्वयें असा पैसा मंडळास परवानगीवांचून घेतां येत नाहीं, म्हणून आम्हीं ती साभार नाकारली. त्या दिवशीं कांहींजणी हळहळल्या, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. विज्ञानाच्या प्रयोगांकरितां एखाद्या प्रयोगशाळेंत आठवड्यांतून एक दुपार मिळावी, ही आमची गरज अजून तशीच आहे. आपणांपैकीं कोणाची कोठें ओळख असेल तर ती आम्हांस पैशाइतकीच उपयोगी पडेल.

आतां नांवें वाचलीं जातील. नंतर चहापोहे आहेत. त्यांचा खर्च आम्हीं आपसांत वर्गणी करून केला आहे, देणगींतून नव्हे. लहान मुलांच्या वह्या डाव्या ओसरीवर मांडल्या आहेत, आणि दहावीस बसणाऱ्या दोघी उजव्या खोलींत आहेत. बीजगणित अडतें असें त्या म्हणतात. ज्यांस येत असेल त्यांनीं चहा घेऊन तिकडे जावें.