पाँपेईची 'लक्ष्मी' आणि आपले कल्याण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज उभी राहिले ती आधी एक चूक कबूल करण्यासाठी. गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून मी ठासून सांगितले होते की, इटलीतल्या पाँपेई शहरात आपली लक्ष्मी सापडली. टाळ्याही पडल्या. पुढे एका भगिनीने ते नातवाच्या निबंधात घातले, म्हणजे माझे अज्ञान शाळेपर्यंत पोचले! तेव्हापासून दुपारची कामे आटोपली की मी ग्रंथालयात जाऊन बसते.

हकीकत अशी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई गाडले गेले. तेथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची, वीतभराहून किंचित उंच अशी भारतीय घडणीची स्त्रीमूर्ती मिळाली. तिला लक्ष्मी म्हटले गेले आणि ते नाव चिकटले. पण तिच्या हाती ना कमळ, ना शेजारी हत्ती. आहेत त्या दोन दासी, प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या. म्हणून ती यक्षी असावी, असे आता पुष्कळ अभ्यासक मानतात. डोक्यात भोक आहे, त्यावरून आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असाही तर्क आहे. देवीची झाली मूठ! मला चार दिवस चुटपुट लागली होती.

तशाच धाटणीच्या मूर्ती तेर आणि भोकरदनला निघाल्या आहेत. तेव्हा ती मराठवाड्यात घडली असेल, असे काहींचे मत. पण तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ही लिपी वायव्येकडची. म्हणजे 'आपली' म्हणतानाही जरा दमानेच घ्यायला हवे.

मग खात्रीचे काय? पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेतला ग्रंथ. त्यात चक्क आपले कल्याण आहे! पूर्वी ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे राजकारण फिरले आणि येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून तेर आणखी १० दिवस. तेरचे कापड गाड्यांत घालून वाईट रस्त्यांनी भडोचला जाई. कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत स्त्रियाही आहेत.

रोमचा प्लिनी मात्र कुरकुरतो की, हिंदुस्थान दरसाल आमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. पूर्वेकडच्या साऱ्या खर्चाचा दोष तो चैनीला आणि बायकांना देतो. मिरी काय एकट्या बायका खात होत्या?

आता सहलीचे. जुन्नरहून कोकणातल्या बंदरांकडे उतरणारा नाणेघाट आपण मार्गशीर्षात पाहणार आहोत. तेथे सातवाहनांच्या काळचा शिलालेख आहे. मुरबाडकडून चढ अंगावर येतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी जुन्नरच्या बाजूने गाडी वरपर्यंत जाते. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. आणि त्या नातवालाही सोबत आणावे, त्याचा निबंध मला दुरुस्त करून द्यायचा आहे.