माळीनगर वसलं, आपलं गाव कुठं गेलं?

(सोलापुरातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



अकलूजच्या शेजारी माळीनगर आहे. ते काही पांढरीचं जुनं गाव नव्हे. तिथं पाटीलकी नव्हती, गावकुसाबाहेरचा महारवाडाही आधीपासून नव्हता. माणसं आली आणि गाव झालं.

आली कुठनं? पुरंदरातल्या सासवडहून. जातीनं माळी. जोतीरावांचं घराणंही त्याच तालुक्यातल्या खानवडीचं. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी आलं, तेव्हा ही माणसं बारामतीकडे उतरली, ऊस शिकली, गूळ शिकली. पुढं १९२८ ला भाटघरचं धरण पुरं झालं आणि उजव्या कालव्यानं माळशिरसच्या कुसळी माळाला पाणी दिलं. ही मंडळी तिकडं सरकली. खंडानं जमिनी घेतल्या, झोपड्या घातल्या. मंदीत गुळाचा भाव कोसळला, तरी पळाली नाहीत. १९३२ ला सरकारनं साखरेला संरक्षण दिलं, त्याच साली त्यांनी दि सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. शेतकऱ्यांनी स्वतः उभा केलेला कारखाना! त्यांच्या घामाला माझा सलाम आहे, खोटं कशाला बोलू?

पण नुसत्या घामानं गाव वसत असतं तर ह्या जिल्ह्यात आपली शंभर नगरं झाली असती. ऊस खुरपला कुणी, तोडला कुणी? त्यांच्या पाठीशी कालवा होता, खंडाला मिळणारी जमीन होती, कायदा होता. आपल्या पाठीशी काय होतं? गावकीची काठी.

बाबासाहेबांना हे कळत होतं. जुलै १९४२ ला नागपूरच्या दलित वर्ग परिषदेनं ठराव केला : अस्पृश्यांची स्वतंत्र गावं वसवा, त्यासाठी पडीक सरकारी जमीन द्या, वसाहत कमिशन नेमा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी हीच मागणी पुन्हा मांडली. माळीनगर दहा वर्षं आधी उभं राहिलं होतं, म्हणजे नवं गाव वसवणं अशक्य नव्हतं. आपलं कमिशन मात्र कागदावरच राहिलं.

पुढं १९६१ चा कमाल जमीन कायदा आला. खाजगी साखर कारखान्यांचे मळे सरकारनं घेतले. भूमिहीनांना वाटले का? नाही. १९६३ ला शेती महामंडळ काढलं आणि सरकारच मळेवाला झालं. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९६४ ला लाखो माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली, तरी मळे हलले नाहीत. २०१२ पासून खंडकऱ्यांना जमिनी परत मिळू लागल्या. त्यांचा हक्क होता, मिळाला, चांगलं झालं. पण त्याच मळ्यांवर पिढ्या घालवलेल्या मजुरांना घरापुरत्या दोन गुंठ्यांसाठी मोर्चे काढावे लागले. दोन गुंठे!

आता कामाचं बोलतो. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं, जमीन आकाराच्या पटीत पैसे भरून नव्या शर्तीनं परत घ्यायची होती. कुणी भरले, कुणाला ठाऊकच नव्हतं, कुणाची जमीन दुसऱ्याच्या नांगराखाली गेली. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या गावच्या वतन जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार काढून आणा. माळशिरसवाल्यांनी कालव्याखालचे गट आधी बघा.