पाचशे प्रतींचा प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला आंबेडकरी साहित्याच्या वाटचालीवर बोलायला सांगितले होते. वाटचालीवर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी आज त्या वाटचालीच्या खर्चावर बोलणार आहे. पुस्तक छापायला पैसे लागतात, ते कोणी द्यायचे, एवढाच माझा विषय. रुक्ष वाटला तर सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. आपल्या वस्तीत एक शाहीर होते. नाव घेत नाही, पण जुन्या माणसांना कळेल. दिवसा हमाली करायचे आणि रात्री गाणी रचायचे. त्यांच्या गाण्याशिवाय जयंतीचा मंडप रंगत नसे. एकदा वह्यांनी भरलेली पिशवी घेऊन ते माझ्या घरी आले. म्हणाले, "गुरुजी, एवढ्याचं एक पुस्तक करा की. पोरांच्या हाती कायतरी राहील." मी म्हणालो, "बघू, मे महिन्याच्या सुट्टीत बसू." सुट्टी आली आणि गेली. अशा किती सुट्ट्या गेल्या! पुढे शाहीर वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आम्ही सर्वांनी भाषणे केली. मीही केले. महिनाभराने घर आवरताना वह्या रद्दीत गेल्या. मला कळले तेव्हा मी रद्दीवाल्याकडे धावलो, पण गठ्ठे पुढे गेले होते. एक वही तेवढी मिळाली. पुढच्या पानांवर किराण्याचा हिशेब आणि मागे चार गाणी.

घरच्यांना मी दोष देत नाही. त्या वह्यांचे मोल त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दोष माझा आहे, आणि थोडा आपल्या सर्वांचा आहे. कारण ह्याच शाहिरांच्या सत्काराला आपण वर्गणी काढली होती. शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, मंडप, लाऊडस्पीकर, सगळे झाले. तेवढ्या पैशांत शंभर प्रतींची पुस्तिका निघाली असती. तेव्हा हे कोणाच्या डोक्यात आले नाही. माझ्याही नाही.

कोणी म्हणेल, ज्याने लिहिले त्याने छापावे, समाजाचा काय संबंध? त्यांना मी १९५६ सालची गोष्ट सांगतो. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ छापायला सुमारे २०,००० रुपये लागणार होते. ही रक्कम बाबासाहेबांना झेपणारी नव्हती. त्या वर्षी सरकार बुद्धजयंतीचा २,५०० व्या वर्षाचा उत्सव साजरा करीत होते. १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. ग्रंथालयांना आणि उत्सवासाठी येणाऱ्या विद्वानांना देण्यासाठी सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, एवढ्या प्रती घेणे जमणार नाही. ६ डिसेंबरला बाबासाहेब आपल्यातून गेले. ग्रंथ १९५७ साली निघाला. छापील ग्रंथ त्यांना हातात घेता आला नाही.

बंधू-भगिनींनो, ज्या ग्रंथाचे आपण विहारात वाचन करतो, त्याची ही कहाणी आहे. देशाच्या घटनेचा मसुदा करणाऱ्या माणसाला पाचशे प्रतींसाठी पत्र लिहावे लागले, तिथे हमाली करणाऱ्या शाहिराने एकट्याने काय करावे?

पण त्या पत्रातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाबासाहेबांनी तिथे देणगी मागितली नाही. प्रती विकत घ्या म्हणाले. लेखकाला मदत करण्याचा हा स्वाभिमानी रस्ता आहे.

एका दात्यावर काम सुरू होते, पण तेवढ्यावर चालत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. ते उपकार विसरता येणार नाहीत. तरी १९२३ मध्ये पत्र बंद पडले. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत, मोबदला न घेता. तेही १९२९ मध्ये थांबले. लेखणी कमी पडली नव्हती, पैसा कमी पडला. गरीब समाजाच्या पत्राला वर्गणीदार पुरेसे मिळत नव्हते.

पुढे जिथे पुष्कळ हात एकत्र आले तिथे फरक पडला. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि नवख्या लिहिणाऱ्यांना हक्काची पाने मिळाली. 'ग्रंथाली'ने वाचकांनाच सभासद करून घेतले. आधी पैसे भरा, मग सवलतीत पुस्तक घ्या. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली, लक्ष्मण मानेंचे 'उपरा' १९८० साली आणि किशोर शांताबाई काळेंचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली असे वाचकांच्या हाती आले. केरळात कोट्टयमला १९४५ साली बारा लेखकांनी १२० रुपये भांडवलावर स्वतःची सहकारी प्रकाशन संस्था काढली आणि लेखकाला चांगली रॉयल्टी देऊन दाखवली. आपल्याकडे साखर कारखाने, पतपेढ्या, सगळे सहकारावर उभे राहिले. मग पुस्तक का नाही?

आता माझ्या आया-बहिणींना विचारतो. फलटणच्या बेबीताई कांबळे किराण्याच्या दुकानात बसून पुड्या बांधायच्या कागदावरचे वाचत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. ते लिखाण वीसेक वर्षे दडून राहिले. १९८२ साली 'स्त्री' मासिकात 'जिणं आमुचं' क्रमशः आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. कोणी विचारणारे भेटले म्हणून ते बाहेर आले. आज ह्या हॉलमध्ये एखादीच्या घरी पिठाच्या डब्यामागे अशी वही नसेल कशावरून?

म्हणून समितीपुढे माझी सूचना आहे. विहाराचा ग्रंथ निधी सुरू करा. समजा, शंभर घरांनी महिन्याला ५० रुपये दिले, तर वर्षाला ६०,००० रुपये होतात. एका प्रतीला १०० रुपये छपाई धरली, तर दोन पुस्तकांच्या दोन-दोनशे प्रतींना ४०,००० लागतील. हल्ली संगणकीय छपाईत थोड्या प्रतीही काढता येतात. उरलेल्या २०,००० मध्ये टायपिंग, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि लेखकाचे मानधन. वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घराला दोन्ही पुस्तके. उरलेल्या प्रती ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला न्यायच्या. विक्रीतला निम्मा पैसा लेखकाचा, निम्मा निधीचा.

काही नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. पुस्तकाचा हक्क लेखकाचाच राहील, तसा करार कागदावर होईल. हे अनुभवाने सांगतो. माझा कवितासंग्रह मी पदरचे पैसे भरून एकाकडून छापून घेतला. कागदावर काही नव्हते. प्रती किती छापल्या, किती विकल्या, मला अजून ठाऊक नाही. दुसरे, हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. तिसरे, हस्तलिखित दोघे वाचतील आणि त्यातला एक वस्तीबाहेरचा असेल, म्हणजे गटबाजीला वाव नको. वाचणाऱ्याने चुका जरूर दाखवाव्यात, पण लिहिणाऱ्याची बोली त्याला न विचारता 'शुद्ध' करायची नाही. चौथे, फुकट प्रत कोणालाही नाही. अध्यक्षसाहेब, तुम्हालाही नाही! आणि ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे बोलणे तरुणांनी मोबाईलवर घेऊन उतरवून काढावे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. तिचे अर्जही ह्याच मुलांनी भरून द्यावेत.

धम्मदानाला आपण सर्वांत मोठे दान मानतो. एखाद्याचे जगणे आणि विचार दहा घरी पोहोचवणे हेही त्याच वाटेवरचे काम आहे, असे मला वाटते.

शेवटी एकच. शाहिरांची ती वही मी आज सोबत आणली आहे. ती समितीकडे सोपवतो, आणि पहिल्या वर्षाची माझी वर्गणीही. चार गाण्यांचे पुस्तक होत नाही, हे मला कळते. पण महिला मंडळाच्या कितीतरी भगिनींना त्यांची गाणी तोंडपाठ आहेत. जयंतीला तुम्हीच तर म्हणता! येत्या रविवारी वंदनेनंतर थांबा. ज्यांना जे कडवे आठवते ते त्यांनी म्हणावे, मुले लिहून घेतील. निधीचे पहिले पुस्तक तेच व्हावे, मुखपृष्ठावर शाहिरांचे नाव असावे आणि मानधन त्यांच्या घरी जावे.

मी तेव्हा "बघू" म्हणालो होतो. तुम्ही म्हणू नका.

नमो बुद्धाय! जय भीम!