दिवाळीतली धांदल

आज दिवाळीविषयी बोलायचे आहे. देवाधर्माचे सांगणारे पुष्कळ आहेत. मी घरातल्या धांदलीचे सांगणार आहे. दिवाळीला घर भरते. एकाच चुलीपुढे चार बायका बसतात, अंगणात पोरे धावतात. मग काही ना काही घडतेच.

आमच्याच घरची एका वर्षाची गोष्ट ऐका. भाऊ, भावजया, बहीण, पोरेबाळे धरून आम्ही १४ माणसे जमलो होतो. पहिले दुखणे निघाले अनारशांचे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाळवून कुटायचे, मग गूळ घालून पीठ मुरवायचे. इतका खटाटोप केला, पण गूळ थोडा जास्त पडला. तुपात सोडला की अनारसा पसरायचा. आपल्या बायका म्हणतात, "अनारसा हसला." अनारसा हसतो आणि करणारी रडते! धाकट्या भावजयीचे तसेच झाले. पोरांनी मात्र तो चुरा वाटीत घेऊन चमच्याने फस्त केला. पोरांना काय, गोड असले म्हणजे झाले.

दुसऱ्या दिवशी चकल्या होत्या. कढई गॅसवर ठेवून सगळ्याजणी पाहुण्यांशी बोलायला ओटीवर गेल्या. तेल धुरावले आणि भडकन पेटले. धाकटा भाऊ पाण्याची कळशी घेऊन धावला. माझी पत्नी ओरडली, "भावजी, पाणी नको!" तिने आधी गॅस बंद केला. मग पितळी परात हातभर लांब धरून कढईवर बाजूने सरकवली. वारा तुटला, जाळ विझला. कढई गार होईपर्यंत तिने परात कुणाला उचलू दिली नाही.

पाणी का नको? पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते. पाणी १०० अंशांवर उकळते. पेटलेले तेल ३०० अंशांच्या वर तापलेले असते. त्यात पाण्याची एका दमात वाफ होते. तांब्याभर पाण्याची हजाराहून अधिक तांबे वाफ! ती पेटते तेल घेऊन वर उसळते. भावाने कळशी ओतली असती, तर तो आणि वरचे छप्पर दोन्ही पेटले असते. भाऊ शिकलेला, पण चुलीचे शास्त्र बायकांना जास्त ठाऊक.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नातू अनवाणीच फुलबाज्या उडवत होता. विझलेली तार कुणीतरी अंगणात टाकली होती. तिच्यावर त्याचा पाय पडला. फुलबाजी विझली तरी तिची तार बराच वेळ तापलेली राहते. ती काळी दिसते म्हणून माणूस फसतो. पोराने किंकाळी फोडली. माझी बहीण दात घासायची पेस्ट घेऊन आली. शेजारीण हळद म्हणाली, आणखी कुणी शाई म्हणाले. नर्सिंग शिकणारी पुतणी पुढे झाली. "आत्या, काही लावू नका," म्हणाली. तिने त्याच्या पायातला चांदीचा वाळा काढला. पाऊल साध्या पाण्याच्या धारेखाली धरले. बर्फही लावू दिला नाही. बहीण रागावली. "लेकरू रडतंय अन् ही नुसतं पाणी ओततीय!" पुतणी घड्याळ बघत बसली. पुरती २० मिनिटे. मग धुतलेले फडके सैल गुंडाळले. फोड आला होता, तो फोडला नाही. जखम मोठी असती, तर १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवायची, असे तिने ठरवून ठेवले होते. त्या गाडीला पैसे पडत नाहीत. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले, तिथे पट्टी बांधली.

बहीण दोन दिवस पुतणीशी बोलली नाही. भाऊबीजेला नातवाला पाटावर बसवले, पाय उशीवर ठेवून. ओवाळताना तबकातले निरांजन जवळ आले, तशी त्याने मान मागे घेतली. सगळे हसले. तो काही हसला नाही.