हंपीच्या वाटेवर

पुण्याहून गाडीने हंपीला निघालात, तर एका दमात अंतर कापू नका. सोलापूरमार्गे जा आणि पहिला मुक्काम विजापूरला करा. सकाळी दार उघडताच गोलघुमटात शिरा. गर्दी नसली की सज्जातली कुजबुज थेट समोरच्या कडेला ऐकू येते.

तिथून बागलकोटमार्गे ऐहोळे. बरेच जण दुर्गा मंदिर पाहून परततात, पण मेगुती टेकडी चढाच! वरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर इ. स. 634 चा कवी रविकीर्तीचा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने सम्राट हर्षाला हरवल्याचं त्यात आहेच, शिवाय 99,000 गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चाही उल्लेख आहे. मराठी माणसानं या ओळींसमोर एकदा तरी उभं राहायला हवं.

पट्टदकल वाटेतच लागतं. रात्री बदामीला राहा, सकाळी लेणी पाहा आणि मग हंपी. तिथे मात्र दोन दिवस हवेतच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. फक्त अंधाराआधी मुक्काम गाठा, कारण तेव्हा ऊसतोडणी जोरात असते आणि मागचा दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते.