तळ्यालाहि पड हवी

ऊ म्हटली कीं माणसाचे केस आठवतात. माशालाहि ऊ होते, असें शहरांतल्या एखाद्या घरीं कोणी सांगितलें तर प्रथम हसूंच येईल. परंतु शिरूर-दौंडकडे ज्यानें आपल्या शेततळ्यांत रोहू सोडले आहेत, त्याला या गोष्टीचें हसूं येणार नाहीं. सकाळीं खाद्य टाकावयास जावें, तों मासे नेहमींसारखे वर येत नाहींत. कांहीं कडेला अंग घासतात, कांहीं उगीचच पाण्याबाहेर उड्या घेतात. एखादा जाळ्यांत धरून पाहिला, म्हणजे परांच्या मुळाशीं तांबडे ठिपके आणि त्यांवर डकलेल्या बारीक, चपट्या, पारदर्शक टिकल्या दिसतात. नखानें ढकललें तर टिकली सरकूं लागते. हीच माशाची ऊ. शास्त्रज्ञ हिला आर्ग्युलस म्हणतात.

नांव उवेचें असलें तरी ही कीटकांच्या कुळांतली नव्हे. कोळंबी आणि खेकडा यांची ती दूरची आप्त आहे. अंगाखालच्या दोन गोल चूषकांनीं ती माशाला घट्ट धरते, सुईसारखा कांटा त्याच्या कातडींत खुपसते आणि त्याचें रक्त व अंगरस यांवर जगते. चार-दोन उवांनीं मोठा मासा मरत नाहीं. मात्र त्या वाढल्या कीं मासा खाणें टाकतो, त्याची वाढ खुंटते, आणि जखमांतून बुरशी व इतर रोग शिरतात. रोहू, कटला आणि मृगळ यांत रोहूला तिचा उपद्रव सर्वांत अधिक होतो.

असेंच संकट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला फार मोठ्या प्रमाणावर आलें आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १९७० च्या सुमारास समुद्रांत जाळ्यांचे पिंजरे टाकून सॅमन मासा पाळण्यास आरंभ झाला. त्या माशावर निसर्गतःच एक समुद्री ऊ असते. मोकळ्या समुद्रांत मासे विरळ, म्हणून उवाहि थोड्या. एका पिंजऱ्यांत हजारों मासे दाटीनें राहूं लागले, तेव्हां उवेच्या पिल्लांना आश्रय शोधण्याचे श्रमच उरले नाहींत. शिवाय हीं पिल्लें प्रवाहाबरोबर कित्येक दिवस वाहत जातात. त्यामुळें एकाच्या पिंजऱ्यांतील ऊ शेजाऱ्याच्या पिंजऱ्यांत आणि तेथून रानटी सॅमनच्या अंगावर जाऊं लागली.

उपाय म्हणून औषधें आलीं. खाद्यांतून देण्याचें एमामेक्टिन प्रथम फार गुणकारी ठरलें. पण औषधानें ज्या उवा मेल्या नाहींत त्यांचीच प्रजा वाढली, आणि कांहीं वर्षांतच त्याचा प्रभाव ओसरला. मग उवा वेंचून खाणारे लहान मासे पिंजऱ्यांत सोडले गेले, कोमट पाण्यानें मासे धुण्याचीं यंत्रें आलीं. नॉर्वेच्या सरकारनें तर दर माशामागें सरासरी ०.५ प्रौढ मादीपेक्षां अधिक उवा असूं नयेत, असा नियमच केला. वसंत ऋतूंत ही मर्यादा आणखी खालीं आणली जाते. या सर्व खटपटींत टिकून राहिलेला एक उपाय मात्र कुणब्याला ऐकतांक्षणींच समजेल असा आहे. एका टापूंतील सर्वांनीं एकाच वेळीं मासे काढावयाचे आणि कांहीं काळ पिंजरे रिकामे ठेवावयाचे. म्हणजेच पाण्याला पड टाकावयाची. मासाच नसेल तर ऊ जगणार कशावर?

शिरूरच्या प्रश्नाची किल्लीहि येथेंच आहे. हा मुलूख पर्जन्यछायेंतला; वर्षाकाठीं ५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. घोड नदी, चासकमानचा कालवा आणि विहिरी यांवर येथील शेती उभी आहे. २०१६ मध्यें सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सुरू केली. अशीं तळीं खोदून त्यांत प्लॅस्टिकचें कापड अंथरलें म्हणजे पाणी मुरत नाहीं, आणि पाणी टिकलें म्हणजे त्यांत मासेहि पाळतां येतात. पिकाला पाणी आणि वर माशाचे चार पैसे, असा हा दुहेरी लाभ. परंतु माशाच्या उवेची मादी अंडीं घालतांना माशाला सोडते आणि दगड, भिंत, बांबू अशा टणक वस्तूंवर तीं ओळींनीं चिकटवते. प्लॅस्टिकचा कांठ तिला आयताच मिळतो.

उन्हाळ्यांत पाणी पिकाला जातें, मासे विकले जातात. पण तळाशीं हातभर पाणी आणि त्यांत निसटलेले चार मासे बहुधा तसेच राहतात. पाण्याचा थेंब मोलाचा असलेल्या गांवीं तेवढें पाणी उपसून टाकणें जिवावर येतें, हें स्वाभाविक आहे. तथापि पुढच्या पावसाळ्यांत नव्या बीजाची वाट पाहत ऊ त्याच चार माशांवर जगत असते. म्हणून तें पाणीहि झाडांना घालावें, राहिलेले मासे काढावे, कांठ घासून घ्यावा आणि तळें उन्हांत पूर्ण वाळूं द्यावें. वाळलेल्या अंड्यांतून पिल्लूं निघत नाहीं. मातीचें तळें असेल तर वाळल्यावर तळाला चुना टाकावा.

जें तळें रिकामें करतां येत नाहीं, त्यांत लांकडी फळ्या किंवा बांबू उभे करावे. उवा त्यांवर अंडीं घालतात. दर आठवड्यास ते बाहेर काढून, घासून, उन्हांत वाळवावे व पुन्हां ठेवावे. बाहेरून आणलेली बोटुकली प्रथम वेगळी ठेवून तपासावी, कारण ऊ पुष्कळदां त्यांच्याबरोबरच येते. एका तळ्यांतलें ओलें जाळें दुसऱ्यांत टाकूं नये.

हें शेवटचें पथ्य एकट्यानें पाळून भागत नाहीं. जाळें अनेकांत मिळून एक असतें, आणि अतिवृष्टींत भरून वाहणाऱ्या तळ्याचें पाणी ओढ्यानें घोडेला, घोडेतून भीमेला आणि दौंडावरून पुढें उजनीच्या जलाशयाला जातें. उजनीला पड टाकतां येणार नाहीं. जें करावयाचें तें वरच, शेताच्या बांधावर केलें पाहिजे.

पुण्या-मुंबईच्या गृहिणीला यांत एक शंका येईल. ही ऊ माणसाला लागत नाहीं, आणि नीट शिजवलेला मासा तिच्यामुळें अपायकारक होत नाहीं. काळजी असावी ती कीटकनाशकांची. उवा मारण्यासाठीं तळ्यांत विषारी द्रव्य घातलें आणि त्याचा अंश जाण्यापूर्वींच मासा बाजारांत आला, तर तें विष ताटापर्यंत येऊं शकतें. तेंच पाणी गुरें पितात आणि पिकालाहि जातें. तज्ज्ञाच्या सल्ल्यावांचून असें औषध तळ्यांत पडतां कामा नये.

वैशाखांत शिरूरचें ऊन असह्य होतें आणि त्याला नांवें ठेवण्याची रीत जुनी आहे. या एका कामापुरता त्याचा उपयोग करून घ्यावा. तळें रितें झालें कीं पाऊस येईपर्यंत त्याच्या तळावर तें ऊन पडूं द्यावें.