हद्दीवर बदलणारा हक्क

रोजगार बुडवून इथवर आलेल्या माझ्या विमुक्त-भटक्या बंधूभगिनींनो,

गोदाकाठच्या कोपरगावात आपलं मनापासून स्वागत. पाहुण्यांना इथं शुक्राचार्यांचं देऊळ आणि राघोबादादांचा वाडा दाखवायची रीत आहे. ती संध्याकाळी पाळू. स्वागताध्यक्षानं गावाची थोरवी गायची असते, पण मी पडलो वकील. मला गावापेक्षा हद्दी जास्त दिसतात.

बुलढाणा जिल्ह्यातला कैकाडी अनुसूचित जातीत मोडतो, कोपरगावचा विमुक्त जातीत. टोपली तीच विणतात, बोलीही तीच. पण जातीवरून अपमान झाला, पाल पेटवलं, तर कोपरगावच्या कैकाड्याला १९८९चा ॲट्रॉसिटी कायदा लावता येत नाही. पारध्यांना येतो, कारण ते अनुसूचित जमातीत आहेत. मोफत वकिलाचंही तसंच. १९८७च्या कायद्यानं अनुसूचितांना उत्पन्नाची अट नाही. विमुक्ताला दाखला काढायला तहसीलला खेपा घालाव्या लागतात. स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना मात्र अट नाही, एवढं घरी जाऊन सांगाच. यादीतली ही हद्द पुसायची तर कलम ३४१ प्रमाणे संसदेनंच पुसायला हवी. मुंबईला मोर्चे नेऊन ते होणार नाही, हे आपल्या पुढाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

१८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. १९५९ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, त्यात जमातीचं नाव नव्हतं. तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी पालांकडेच वळते. शेजारच्या नाशिकचा खटला घ्या. २००३च्या दरोड्यात आणि खुनांत भटक्या जमातीचे सहा जण धरले. २००९ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठरवली आणि त्याच न्यायालयानं ५ मार्च २०१९ला सहाही जण निर्दोष सोडले. भरपाई प्रत्येकी ५ लाख रुपये. सोळा वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

आता हातात काय आहे? पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतले जातीवरचे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं. या निकालाला बुलढाणा आणि कोपरगाव असा भेद नाही, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. अटक झाली तर कारण विचारा, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्या म्हणा. तक्रार घेत नसतील, तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, त्यानंतर न्यायालय आहेच.

मंडपाच्या दाराशी आमच्या तरुण वकिलांनी टेबल मांडलंय. ज्यांच्यावर खटले चालू आहेत, त्यांनी कागद घेऊन आधी तिथं जावं. भाषणं नंतरही ऐकता येतील. जेवण बारा वाजता आहे.